व्हॅक नाकारलं? आधी जखमेचं पहिलं माप तपासा

ताई, वडिलांच्या तळपायाची डायबेटिक जखम आणि 'चार आठवड्यांत सुधारणा अपुरी, भरण्याची शक्यता कमी' हा सॉफ्टवेअरचा अंदाज पुढे करून टीपीएने (विमा कंपनीसाठी दावे तपासणारी संस्था) नाकारलेलं व्हॅक (जखम सील करून मशीनने स्राव ओढून घेणारं ड्रेसिंग)... तुमची पोस्ट वाचताना आमचीच फाइल आठवली. शुगर, अँटिबायोटिक डॉक्टर बघतच असतील, त्यात जात नाही. मी डॉक्टर नाही, हेही आधीच सांगते.

घोळ बहुतेक वेळा पहिल्या मापात असतो. डिब्राइडमेंट करून मेलेला भाग काढला की जखम मोठी होते, आणि तिथूनच मोजायला हवं. समजा आधी ४ बाय ३, म्हणजे १२ चौरस सेंमी होती. साफ केल्यावर ५ बाय ३.५, म्हणजे १७.५. चार आठवड्यांनी ४ बाय २, म्हणजे ८. आता १७.५ वरून घट ५४ टक्के येते, १२ वरून फक्त ३३. चार आठवड्यांत क्षेत्रफळ साधारण निम्मं होणं ही भरण्याची मोठी खूण मानतात, त्यामुळे एकाच पायाचे दोन निकाल लागतात! आमच्या वेळी टीपीएच्या डेस्कने ॲडमिशनच्या कागदावरचा आकडा धरला आणि दुरुस्तीच्या प्रत्येक पत्राला 'सिस्टिममध्ये बदल होत नाही' हेच उत्तर दिलं. माणसाचा पाय पणाला लागलेला असताना हे ऐकून घेणं फार जड जातं.

सर्जनकडून लेटरहेडवर घ्या: डिब्राइडमेंटची तारीख, त्यानंतरची लांबी, रुंदी, खोली, पुढे दर आठवड्याचं माप. रुंदी लांबीला काटकोनातच मोजायची. फोटोत पट्टी जखमेला लागून हवी, लांब ठेवली तर माप चुकतं.

एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) १.३ च्या वर असेल तर रक्तपुरवठा उत्तम समजू नका. डायबेटिसमध्ये धमन्या कडक होऊन तो खोटा चढतो. पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजून घ्या. ३० mmHg च्या खाली आलं तर व्हॅकसाठी भांडण्याआधी व्हॅस्क्युलर सर्जन गाठा. आणि पायावरचा भार! ऑफलोडिंगचा बूट घरातही, बाथरूमला जातानाही हवा. माझ्या मते निम्म्या जखमा इथेच अडतात. पावसाळ्यात ड्रेसिंग भिजलं तर त्याच दिवशी बदला.

तक्रार टीपीएकडे नको, विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तुमच्या भागाचं विमा लोकपाल कार्यालय आहे, मुंबईसाठी सांताक्रूझचं. शुल्क नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं.

डिस्चार्जनंतरच्या ड्रेसिंगची बिलंही जपून ठेवा. बऱ्याच पॉलिसींत ६० दिवसांपर्यंतची मिळतात, तुमच्या पॉलिसीत किती ते बघून घ्या.