वाचकांचे प्रश्न: छातीभर लोगो

गेल्या अंकात फुटबॉल क्लबांच्या लोगोंवर लिहिलं होतं. एफसी गोवाचा गवा मला का आवडतो ते सांगितलं होतं, की गवा आपला राज्यप्राणी आहे, तो उचलून दुसऱ्या कुठल्या शहराच्या टीमला दिला तर त्यात मजा राहणार नाही. त्यावर पत्रं आली ती निम्मी आइस हॉकीबद्दल, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या एनएचएल लीगबद्दल! आपल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी आता टोरोंटोकडे असतं, तिथून टोप्या नि जर्सी येतात, त्यामुळे असेल. मला तर हा विषय इतका आवडतो की यावेळी सगळी जागा त्यालाच दिली.

फोंड्याहून एक कॉलेज विद्यार्थिनी लिहिते: काका, मावसभावाने टोरोंटोहून मेपल लीफ्सची टोपी पाठवली. मैत्रीण म्हणते हे नुसतं पान आहे, ह्यात लोगो कुठे? मग आम्ही दोघींनी 32 टीमचे लोगो मोबाईलवर काढून आपापली यादी केली, एक नंबर जुळेल तर शपथ. तुमचे पहिले पाच सांगा, पण कारणासकट.

उत्तर: यादी करताना मोबाईल हातभर लांब धरून बघितलात का? जवळून सगळेच लोगो गुळगुळीत नि छान दिसतात. पण एनएचएलच्या जर्सीवर लोगो फुटबॉलसारखा डाव्या बाजूला चार बोटांचा नसतो, तो छातीभर असतो, जेवणाच्या ताटाएवढा, कापडाचे थर एकावर एक शिवून केलेला (न्यूयॉर्क रेंजर्स तेवढे वेगळे, त्यांच्या छातीवर नावच तिरकं लिहिलेलं असतं), आणि तो घालणारा माणूस बर्फावरून सुसाट जात असतो. म्हणून मी दोनच गोष्टी बघतो. एक, सगळ्यात वरच्या रांगेत बसलेल्याला तो झटक्यात ओळखू येतो का. दुसरी, तो दुसऱ्या शहराला देऊन टाकला तर चालेल का. चालत असेल तर ते चित्र चांगलं असेल, पण लोगो म्हणून मी त्याला खालीच ठेवतो.

पहिला नंबर डेट्रॉइट रेड विंग्ज, आणि ह्यात मी कोणाचं ऐकणार नाही. लाल चाक, त्याला पंख, संपलं. मॉन्ट्रियलच्या एका जुन्या ॲथलेटिक क्लबचं चिन्ह असंच पंखवालं चाक होतं, सायकलीचं, आणि 1893 साली पहिला स्टॅन्ली कप, म्हणजे हॉकीतला सगळ्यात मोठा चषक, मिळाला तो त्याच क्लबच्या टीमला. 1932 मध्ये जेम्स नॉरिसने डेट्रॉइटची टीम घेतली, तेव्हा तिचं नाव फाल्कन्स होतं, त्याने नाव बदललं आणि ते चाक आणलं. आता डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर, त्यामुळे तिथे पोचल्यावर तेच सायकलीचं चाक मोटारीचं झालं! एकच रंग, वेग पण आला, शहर पण आलं, आणि पेन्सिल घेऊन तू दोन मिनिटांत काढशील.

दुसरा मॉन्ट्रियल कॅनेडियन्स. सी च्या पोटात एच. खूप लोकांना वाटतं एच म्हणजे तिथले जुने फ्रेंच शेतकरी, अबितां, कारण टीमला लाडाने हॅब्स म्हणतात, पण तो एच हॉकीचा आहे, क्लब द हॉकी कनाडियँ. टीम 1909 ची आणि 24 स्टॅन्ली कप, कोणाकडेच इतके नाहीत. दोन अक्षरं एकमेकांत बसवणं सोपं वाटतं ना, वहीत एकदा करून बघ, एच मोठा झाला तर सी फुटतो नि लहान झाला तर हरवतो.

तिसरा मिनेसोटा वाइल्ड. ही टीम 2000 साली आली, त्यामुळे जुनं तेच सोनं असं माझं म्हणणं नाही हे तुझ्या मैत्रिणीला सांग. रानटी जनावराचं डोकं आहे, पण नीट बघितलं तर डोकं नाहीच, रान आहे, झाडं, वर आभाळ, तोंड म्हणजे वाहणारी नदी, आणि डोळ्याच्या जागी एक तारा. आधीची टीम नॉर्थ स्टार्स 1993 ला डॅलसला निघून गेली, तिची आठवण त्या डोळ्यात ठेवलीय. अस्वल म्हण की रानमांजर म्हण. लांबून मात्र बारकावे जातात, म्हणून तिसरा, नाहीतर वर गेला असता.

चौथा फिलाडेल्फिया फ्लायर्स, पंख लावलेला पी आणि मधे केशरी ठिपका, तो ठिपका म्हणजे पक, हॉकीची ती रबराची चकती. 1967 पासून जवळजवळ तसाच आहे, हात लावावासा कोणाला वाटला नाही.

आणि पाचवं तुझं पान. ‘नुसतं पान’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला विचार, कॅनडाच्या झेंड्यावर मेपलचं पान कधी आलं? 1965 ला. टोरोंटोच्या टीमने ते घेतलं 1927 ला, कॉन स्माइथने, त्याआधी टीमचं नाव सेंट पॅट्रिक्स होतं. म्हणजे झेंड्याच्या 38 वर्षं आधी हे पान छातीवर होतं! 2016 मध्ये त्यांनी पान नव्याने काढलं, त्याला 31 टोकं, कारण मेपल लीफ गार्डन्स हे त्यांचं स्टेडियम 1931 ला उघडलं, 17 शिरा कारण टीम 1917 ची, आणि त्यातल्या 13 शिरा वरच्या भागात, 13 कपांसाठी. टोपी हातात घेऊन मोजून बघ. तरी पाचवा का, तर पान अख्ख्या देशाचं आहे, एकट्या टोरोंटोचं नाही, माझ्या दुसऱ्या परीक्षेत तिथे थोडे मार्क जातात.

डिचोलीहून एक चित्रकलेचे शिक्षक लिहितात: हार्टफर्ड व्हेलर्स ही टीम आता नाही, तरी लोगोंच्या प्रत्येक यादीत ती वर असते. नववीच्या मुलांना रिकाम्या जागेचं महत्त्व शिकवताना हे उदाहरण घेऊ का? की उगाच गाजलेलं आहे?

उत्तर: सर, घ्याच. वर पाचात टाकला नाही तो फक्त टीम चालू नाही म्हणून, नाहीतर पहिल्या नंबरासाठी डेट्रॉइटशी त्याचंच भांडण आहे.

ह्या चवथीला भाची घरी आलेली, सहावीत आहे, माटोळीचं सामान बांधून झालेलं आणि तिला करायला काही नव्हतं, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी तो लोगो स्केचपेनाने काढून दिला, हिरवा नि निळा, नाव सांगितलं नाही. तिने आधी निळी शेपटी ओळखली, म्हणाली देवमासा. मग खालचा हिरवा डब्ल्यू. मग ती उठून गेली, करंज्या खाऊन आली, परत कागदाकडे बघितलं आणि ओरडलीच, मामा, मधे एच आहे! तो एच मी काढलाच नव्हता, सर. शेपूट आणि डब्ल्यू यांच्या मधे जो पांढरा कागद उरला होता तोच एच. मग तिने त्या पांढऱ्या जागेच्या कडेकडेने बोट फिरवलं, दोनदा, खरंच तिथे रेघ नाही ना बघायला. वर्गात हेच करा, नाव सांगू नका, फळ्यावर दोन खडूंनी काढा नि थांबा.

हा लोगो पीटर गुड यांनी 1979 ला केला, टीम तेव्हा डब्ल्यूएचए ही दुसरी लीग बंद पडल्यावर एनएचएलमध्ये आली होती. 1997 ला टीम नॉर्थ कॅरोलायनाला गेली, हरिकेन्स झाली, नवीन लोगो घेतला. पण 2018 च्या डिसेंबरात त्याच हरिकेन्सनी एका मॅचला जुनी हिरवी जर्सी घातली. टीम गेली तरी लोकांनी शेपूट सोडली नाही.

मुलांना नंतर दुसरं उदाहरण द्यायचं तर वेगास गोल्डन नाइट्स, 2017 ची टीम, योद्ध्याचं शिरस्त्राण आणि चेहऱ्याच्या जागेची काळी फट म्हणजेच व्ही. हे पटकन दिसतं, त्यामुळे कच्च्या मुलांना आधी हे दाखवा.

म्हापशाहून एक वाचक लिहितात: शिकागो ब्लॅकहॉक्सचा लोगो सगळ्यात देखणा आहे, रंग बघा, रेघा बघा. तुम्ही त्याचं नाव तरी घ्याल का?

उत्तर: घेतो. रंग आणि रेघा याबद्दल तुमचं बरोबर आहे, कारागिरी म्हणून तो पहिल्या तिनात बसेल. पण मी त्याला नंबर देत नाही, आणि का ते स्पष्ट सांगतो.

ब्लॅक हॉक हा खरा माणूस होता, सॉक जमातीचा पुढारी, 1832 मध्ये आपल्या जमिनीसाठी अमेरिकन सैन्याशी लढला नि हरला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या एका डिव्हिजनला त्याचं नाव दिलं, टीमचा मालक फ्रेडरिक मॅक्लॉफ्लिन त्या डिव्हिजनमध्ये होता, त्यातून 1926 ला टीमला नाव मिळालं. क्लब म्हणतो हा सन्मान आहे. पण तिथल्या मूळ रहिवाशांपैकी अनेक जण कित्येक वर्षं सांगतायत की आमचा चेहरा तुमच्या खेळाचं चिन्ह नको. 2020 मध्ये क्लबने मॅचला पिसांचे मुकुट घालून यायला बंदी केली, लोगो मात्र ठेवला. वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल टीमने आणि क्लीव्हलंडच्या बेसबॉल टीमने तर नावंच बदलली.

मी असा विचार करतो, आपल्या कुणबी म्हाताऱ्याचा चेहरा परदेशातल्या कुठल्या क्लबाने टी-शर्टावर छापला, कितीही सुंदर छापला, आणि आपण नको म्हटल्यावरही छापतच राहिले, तर मला रंगसंगती दिसेल का? नाही दिसणार. तुम्हाला दिसली तर तुमची यादी तुमची.

वास्कोहून एक वाचक लिहितात: आमचं घर मासेमारीचं. कोळ्याचं चित्र असलेला हॉकीचा एक लोगो होता असं ऐकलं, लोक त्याला हसले म्हणे. कोळी हा हसण्याचा विषय आहे का?

उत्तर: अजिबात नाही, आणि तुमचा राग मला पटतो. तो न्यूयॉर्क आयलंडर्सचा लोगो, 1995 चा, रेनकोट घातलेला दाढीवाला मच्छीमार, हातात हॉकी स्टिक. तिथे फ्रोझन मासे विकणाऱ्या एका कंपनीच्या खोक्यावर जवळजवळ तसाच म्हातारा होता, झालं, समोरच्या टीमचे लोक मॅचभर ‘फिश स्टिक्स’ म्हणून ओरडायला लागले, आणि दोन सीझनमध्ये क्लबने तो काढून टाकायचं ठरवलं.

माझं म्हणणं, विषय बरोबर होता, टीमचं बेट, लाँग आयलंड, समुद्रात आहे, तिथे मासेमारी आहे. चुकलं ते दुसरंच. त्यांनी चेहरा काढला, आणि चेहऱ्यात रेघा फार येतात, दाढी, सुरकुत्या, टोपी, लांबून सगळं एक होतं. आणि त्यासाठी टाकलं काय, तर 1972 चा लोगो, ज्यात लाँग आयलंडचा नकाशाच आहे, आणि जो घालून त्यांनी 1980 ते 1983 लागोपाठ चार कप जिंकले होते! लोक चिडले ते त्या नकाशासाठी. नकाशा परत आला, आजही आहे. रापणीचा लोगो कोणी मला करायला सांगितला तर मी माणूस काढणार नाही, अर्धगोल पसरलेलं जाळं नि दोन टोकांना दोन दोर काढीन, आमच्या किनाऱ्यावरचं पोर ते डोळे मिटून ओळखेल.

मडगावहून: सगळ्यात वाईट कुठला?

उत्तर: बफेलो सेबर्सचा 2006 चा. छान रानरेडा होता, खाली दोन तलवारी, तो 1996 ला काढला, आणि 2006 ला असं काहीतरी केलं की लोकांनी त्याला गोगलगाय म्हटलं. ना पाय ना तलवारी. आता जुना परत आणलाय.

पेडण्याहून एका वाड्यावरच्या टीमचा कॅप्टन लिहितो: आमच्या फुटबॉल टीमचा लोगो डिझाइनवाल्याने केला, त्यात माड, सूर्य, होडी, वाघ, बॉल, देवळाचं शिखर, स्थापना वर्ष असं सगळं आहे. मंडळाच्या प्रत्येकाचं एक एक म्हणणं होतं. टी-शर्टावर नीट उमटत नाही. काय काढू?

उत्तर: आमच्या टीमचं पण हेच झालेलं, मी तेव्हा विशीत होतो. सगळ्यांना खूश ठेवायला आठ गोष्टी घातल्या, स्क्रीन प्रिंटिंगवाल्याने बिचाऱ्याने सांगितलं होतं की बारीक रेघा भरून जातील, आम्ही ऐकलं नाही, आणि पहिल्या मॅचला पंधरा पोरांच्या छातीवर हिरवा डाग होता. माझ्या आजोबांनी विचारलं हे काय, पालेभाजी? तो टी-शर्ट अजून माझ्याकडे आहे.

काय काढू विचारू नको, काय ठेवू ते विचार. मंडळाला एकत्र बसव आणि प्रत्येकाला कोरा कागद दे, म्हण की आपल्या वाड्याची एकच गोष्ट काढा जी पलीकडच्या वाड्यावर नाही. माड सगळ्यांकडे आहे, सूर्य सगळ्यांकडे आहे. होडी तुमच्या तिथल्या तरीची असेल तर वेगळी गोष्ट, तिचा आकार वेगळा असतो का बघ. जे चित्र तीन-चार कागदांवर आपोआप येईल ते घे, एका रंगात काढ, मग मैदानाच्या एका गोलपोस्टला लाव नि दुसऱ्या गोलपोस्टकडून बघ. तिथून दिसलं तर मासिकाच्या पत्त्यावर मला पाठव, रंग आपण मिळून ठरवू. मोबाईलवर नको, कागदावरच पाठव.