भाऊ वडिलांवर गेलाय असं वाटू लागतं तेव्हा

"वडील मारायचे, आता भाऊही तसाच निघतोय. आमच्या रक्तातच आहे का हे?" हा प्रश्न बहिणी विचारतात, बायका विचारतात, कधी तो भाऊ स्वतःही विचारतो. इथे लिहिते ती हकीकत एका मोठ्या बहिणीची. दोघांची नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई तिशीतली, नोकरी करणारी. ती एकटीच आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, मला झोपेची गोळी लिहून देणारं कुणी सांगा." गोळ्या डॉक्टर देतात, मी समुपदेशक, मी देत नाही. पण झोप का लागत नाही हे विचारलं, तर तिने पर्समधून एका वहीच्या पानांचे फोटो काढून दाखवले. भावाची वही. बारीक, नीटनेटकं अक्षर. "८.१२ रिक्षा, त्रिमूर्ती चौक. ८.४० गेट. निळी ओढणी. १.०५ मैत्रिणीबरोबर कँटीन. ६.३० तिचा भाऊ न्यायला आला." अशी पानांमागून पानं. या नोंदी ज्या मुलीच्या, ती त्याच्याच कंपनीत कामाला. तिने दोनदा स्पष्ट नाही म्हटलं होतं, नंबर ब्लॉक केला होता. आणि त्याच्या पाकिटात खोलीभाड्याची पावती सापडली होती. खोली त्या मुलीच्या गल्लीतली, तिच्या घरासमोरची. घरी कुणाला पत्ता नव्हता.

घरात चर्चा झाली होती. मामा म्हणाले, "वय आहे, लग्न लावून द्या, ठिकाणावर येईल." काका म्हणाले, "त्याच मुलीकडे रीतसर स्थळ घेऊन जाऊ." असे सल्ले ऐकले की मला आजही धस्स होतं. ज्या मुलीने नाही म्हटलंय तिच्या दारात अख्खं खानदान नेऊन उभं करणं म्हणजे पाठलागावर घराण्याचा शिक्का मारणं.

मग ताईने लहानपणाचं सांगितलं. वडील पिऊन यायचे. पट्टा दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असायचा. पगाराचा दिवस, सणाचा आदला दिवस, कुणाशी भांडण झाल्याचा दिवस, असा अंदाज बांधून ती कालनिर्णयावर पेन्सिलीने बारीक ठिपके द्यायची. धाकटा शाळेतून आला की दप्तर ठेवायच्या आधी विचारायचा, "ताई, आज ठिपका आहे?" असला तर दोघं लवकर जेवून माळ्यावर चढायची. काही वेळा धाकटा मुद्दाम खाली थांबायचा, म्हणजे पहिला मार त्याला बसेल. सातवी-आठवीतलं पोर. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत राहायची. वडील गेल्यावर घराने हा विषयच पुसून टाकला. वर्षश्राद्धाला सगळे म्हणतात, "मनाचा भला माणूस होता."

ती वही आणि ते ठिपके यांचं नातं ताईला आधी दिसत नव्हतं. मला वाटतं, ते समजून घेणं गरजेचं आहे. मार खाणारं मूल मारणाऱ्याचा अभ्यास करतं. पावलांचा आवाज, गाडीची वेळ, चेहऱ्यावरची आठी. माणूस सतत नजरेखाली असला तर आपण वाचू, हे त्याच्या अंगात मुरतं. मोठेपणी कुणात जीव अडकला, आणि ते माणूस हातातून निसटतंय असं वाटलं, की तीच जुनी पहाऱ्याची सवय जागी होते. फक्त आता भीती समोरच्या मुलीच्या वाट्याला येते.

रक्ताचं म्हणाल तर, कॅथी स्पॅट्झ विडम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लहानपणी छळ किंवा हेळसांड झालेल्या मुलांचा पुढचा गुन्हेगारी इतिहास तपासून १९८९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. अशा मुलांत पुढे अटक होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं, हे खरं. पण त्यांतल्या बहुतेकांना हिंसक गुन्ह्यासाठी कधीच अटक झालेली नव्हती. आपल्याकडे २००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या पाहणीत तीनपैकी दोन मुलांनी मार सोसल्याचं दिसलं. ही सगळी मुलं मोठी होऊन कुणाचा पाठलाग करत नाहीत. ताईच बघा ना. त्याच घरातली, तोच पट्टा. ती कुणाच्या मागे लागली नाही. तिच्यात ती सवय वेगळ्या रूपाने उतरली होती: रात्रभर भावाचं 'लास्ट सीन' बघत जागणं.

मी तिला काही थेट प्रश्न विचारले. धमकी दिलीय का? हत्यार जवळ ठेवतो का? स्वतःला संपवण्याची भाषा करतो का? पिणं वाढलंय का? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तिचं लग्न ठरलं तर दोघांनाही ठेवणार नाही, असं बोलला परवा."

इथून पुढे विषय ताईच्या झोपेचा राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिल्याच भेटीत सांगते: इथलं बोलणं बाहेर जात नाही, पण कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही गोपनीयतेला हा अपवाद ठेवतो. दुसऱ्याला इजेपासून वाचवायला जेवढी लागेल तेवढीच माहिती द्यायची. मी ताईला म्हटलं, त्या मुलीला आजच कळायला हवं. खोलीचं आणि धमकीचं, दोन्ही.

ती रडली. "माझ्यासाठी मार खाल्लाय हो त्याने. मीच त्याला पोलिसांत देऊ?"

मी तिला सांगितलं, त्याने तुमच्यासाठी जे सोसलं त्याचं ऋण तुमच्यावर आहे, त्या मुलीवर नाही. ते फेडायला तिची सुरक्षितता वापरता येणार नाही. आणि त्याच्या हातून काही होण्याआधी थांबवणं, हेच आता त्याच्यासाठी करण्यासारखं आहे.

फोन ताईनेच केला, माझ्यासमोर बसून. मुलीला पाठलाग माहीत होता, वेळा बदलून ती थकली होती. समोरच्या खोलीचं मात्र ठाऊक नव्हतं. तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा होता, तिने केली. वहीचे फोटो आणि पावती ताईने पोलिसांना दिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलाग हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत, पुन्हा ठरल्यास ५ वर्षांपर्यंत शिक्षा. पहिला गुन्हा जामीनपात्र असतो, म्हणून जामीन झाल्यानंतरच्या दिवसांची तयारी आधीच करावी लागते. मुलगी काही आठवडे मावशीकडे राहिली, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तिने अर्ज दिला, घरमालकाने खोली रिकामी करून घेतली.

भावाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. 'तिचंही माझ्यावर प्रेम आहे' असा पक्का भ्रम हा काही वेळा आजाराचा भाग असतो, त्याला औषधं लागतात. याचं तसं नव्हतं. ती नाही म्हणाली हे त्याला नीट कळत होतं. त्याचे उपचार दुसऱ्या समुपदेशकाकडे चालू आहेत. भाऊ-बहीण दोघांना मीच बघणं योग्य नव्हतं.

तुमच्या घरात असं काही दिसत असेल तर मेसेज, चिठ्ठ्या, फोटो पुसू नका. समजूत घालायला म्हणून त्या मुलीला आणि त्याला समोरासमोर बसवू नका. वही सापडल्याचं त्याला एकटीने गाठून विचारू नका. तातडीचा धोका असेल तर ११२, महिलांसाठी १८१, मनाच्या आजाराबद्दल बोलायला टेलिमानसचा १४४१६. आणि 'मनाचा भला माणूस होता' हे वाक्य घरात निघालं, तर मुलांनी जे पाहिलं ते निदान एकदा मोठ्याने बोलू द्या.

भाऊ ताईशी अजून बोलत नाही. आई तिलाच दोष देते. ताई आता स्वतःसाठी येते, आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवते.