विषाणू एकच, मग प्रतिपिंडं दोन का?

प्रश्न: माझी सून तीन महिन्यांची गरोदर आहे. तिच्या रुबेलाच्या (जर्मन गोवराच्या) रिपोर्टमध्ये आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आलंय. 'पॉझिटिव्ह' वाचून घरात सगळे घाबरलेत. विषाणू एकच, तर प्रतिपिंडं दोन प्रकारची का तपासतात?

उत्तर: ताई, आधी घरच्यांना धीर द्या. असा रिपोर्ट बहुतेक वेळा हेच सांगतो, की रुबेला पूर्वी होऊन गेलाय किंवा लस घेतलेली आहे आणि त्याचं संरक्षण टिकून आहे. तरी तिच्या डॉक्टरांना तो दाखवाच.

प्रतिपिंड म्हणजे विषाणूला धरण्यासाठी शरीर बनवतं ते प्रथिन; आयजीजी आणि आयजीएम हे त्याचेच दोन प्रकार. प्रतिपिंडाचा सांगाडा इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. दोन जड आणि दोन हलक्या प्रथिनसाखळ्या, वर दोन हात, खाली देठ. विषाणूला धरतात ती हातांची टोकं. धरल्यावर पुढे काय करायचं, ते बरंचसं देठावर ठरतं. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या प्रतिपिंडांवर पपईतलं पपेन हे प्रथिनं तोडणारं विकर वापरलं, तेव्हा हात आणि देठ सुटे झाले आणि देठांचे चक्क स्फटिक जमले! हे त्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. हातांची टोकं नाना तऱ्हेची, पण देठ एकसारखे. म्हणून तर स्फटिक जमले. वर्गात हा प्रयोग सांगताना मला आजही तितकाच आनंद होतो. पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन यांना १९७२ चं नोबेल मिळालं ते प्रतिपिंडांच्या रचनेवरच्या कामासाठी.

माणसात हे देठ पाच प्रकारचे, म्हणून प्रतिपिंडांचे वर्गही पाच. संसर्ग झाला की आधी येतं आयजीएम: पाच वाय एकत्र, दहा टोकं. मग बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणारी पांढरी रक्तपेशी) विषाणू ओळखणारा भाग तसाच ठेवते, देठाचं जनुक बदलते आणि आयजीजी बनवू लागते. आयजीएम काही आठवड्यांत सहसा ओसरतं, आयजीजी वर्षानुवर्षं सापडतं. संसर्ग ताजा की जुना, हे कळावं म्हणूनच दोन्ही तपासतात. उरलेल्यांपैकी आयजीए लाळेत, अश्रूंत, आईच्या दुधात असतं. आयजीई ॲलर्जीत आणि जंतांविरुद्ध. आयजीडी मुख्यतः बी-पेशीच्या पृष्ठभागावर.

वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं ते मात्र आयजीजीच, कारण वारेतले ग्राही (ठरावीक रेणू पकडणारी प्रथिनं) त्याचाच देठ धरून त्याला पलीकडे नेतात. आयजीएम जात नाही. म्हणून नवजात बाळाच्या रक्तात रुबेलाचं आयजीएम सापडलं, तर ते बाळाने स्वतः बनवलेलं असतं आणि पोटात असताना संसर्ग झाल्याची शंका येते. तुमच्या सुनेचं आयजीजी शेवटच्या तिमाहीत भरपूर प्रमाणात बाळाकडे जाईल आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याच्या रक्तात राहील.