घर-अंगण : तुमचे प्रश्न

प्रश्न : नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीजवळ एक जुनं तळमजल्याचं घर आजूबाजूच्या भावापेक्षा २० टक्के स्वस्त मिळतंय. २३ सप्टेंबर २०२३ ला त्यात पाणी शिरलं होतं. मालक म्हणतात, सगळं नवं करून घेतलंय. घ्यावं का?

उत्तर : आधी लेव्हल बघा, रंगरंगोटी नंतर. त्या पहाटे काही तासांतच १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्तीत शिरली. पाणी कुठवर चढलं ते मालकाला नको, शेजारच्या दोन-तीन घरी विचारा आणि उंबऱ्यापासून टेपने मोजा. तीन फुटांच्या वर असेल तर कितीही स्वस्त मिळो, आमचं मत ‘घेऊ नका’ असंच आहे.

त्याहून कमी असेल तर गवंड्याकडून पाणी भरलेल्या नळीने रस्त्याचा मध्य आणि घरातली फरशी यांची उंची ताडून घ्या. फरशी निदान दीड-दोन फूट वर हवी. शहरात जुन्या लेआउटांत सिमेंटचे रस्ते उंच झाले आणि घरं खाली राहिली. अशा घरात नदी दूर असली तरी नेहमीच्या पावसाचंही पाणी येतं. भर टाकून फरशी उचलू म्हणाल, तर दहा फुटांच्या खोलीत दीड फूट भरल्यावर साडेआठच उरतात, शिवाय दारं, खिडक्या, ओटा सगळं बदलावं लागतं. हा खर्च लेखी अंदाज घेऊन किमतीतून वजा करा.

भिंतीतला लोणा, म्हणजे ओलीने येणारा खार, रंगाखाली लपतो. कपाटामागे, जिन्याखाली हात फिरवून बघा. पापुद्रे हाताला लागतील. मीटर आणि सॉकेट पुराच्या खुणेच्या वर हवेत. पाणी दारातून येण्याआधी बरेचदा न्हाणीच्या जाळीतून उलटं येतं, म्हणून गटारलाइनच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवा. मृगाआधी तो उघडून साफ करा. झडपेत प्लास्टिकचा तुकडा अडकला तरी ती पुरती मिटत नाही. झडप मिटलेली असताना घरातलं सांडपाणीही बाहेर जात नाही, तेवढा वेळ नळ बंद ठेवा.

आता किंमत. मुद्रांक शुल्क रेडी रेकनर (सरकारने ठरवलेलं मूल्य) आणि करारातली रक्कम यांत जी जास्त तिच्यावर लागतं. करारातली रक्कम रेडी रेकनरच्या मूल्यापेक्षा बरीच कमी असेल, तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून आयकर लागू शकतो. साधारण १० टक्क्यांपर्यंतच्या फरकाला सूट आहे. टोकन देण्याआधी सीएला विचारा.

प्रश्न : पुराचा विमा मिळतो का?

उत्तर : मिळतो. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे आणि तिच्यात पूर येतो. रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जमिनीची किंमत त्यात धरू नका. आधी पाणी शिरलं होतं हे प्रस्तावात विचारलं तर खरं लिहा, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं.