नॉमिनी असूनही बँक वारसा प्रमाणपत्र मागते, दाद कुठे मागायची?

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जनकगंजात राहते. माझे यजमान महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झाले होते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या नावावर दोन एफडी आहेत, मिळून 6,40,000 रुपयांच्या. दोन्हीवर नॉमिनी मी आहे. मृत्यूचा दाखला, आधार, पॅन, फॉर्म सगळं दिलं. पेन्शनच्या खात्यातले पैसे मिळाले, पण एफडीसाठी मॅनेजर म्हणतात, रक्कम मोठी आहे, तुम्हाला दोन मुलं आहेत, कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणा आणि दोघांच्या सह्या आणा. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. कागद दिल्याची पोचही मिळाली नाही. ओळखीतला एक जण म्हणतो, पाच हजार द्या, मी रिझर्व्ह बँकेत तक्रार लावून देतो. द्यावे का? – एक वाचक भगिनी

उत्तर : एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करायला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. उलट लोकपाल योजनेत स्पष्ट लिहिलं आहे की वकिलाने तुमच्या वतीने तक्रार दाखल करायची नाही. तुमच्या मुलाला किंवा मुलीला मात्र अधिकारपत्र देऊन तुम्ही पुढे करू शकता.

आधी मॅनेजरांचं म्हणणं पाहू, कारण ते खोडून काढल्याशिवाय तक्रारीला धार येणार नाही. मी बँकेत होते तेव्हा मृत खातेदारांचे दावे बरीच वर्षं माझ्या टेबलावर यायचे. शाखेला भीती कशाची असते हे मला ठाऊक आहे : आज आईला पैसे दिले आणि उद्या मुलगा येऊन उभा राहिला तर? पण नेमकी हीच भीती राहू नये म्हणून कायद्यात नामांकनाची सोय केली आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45 झेडए प्रमाणे नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी. ते पैसे तुम्ही सगळ्या वारसांचे विश्वस्त म्हणून घेता, वाटणी हा तुमच्या घरातला विषय. कोर्टाचा मनाई हुकूम नसेल तर मुलांच्या सह्या, हमीपत्र, जामीनदार, वारसा प्रमाणपत्र यांतलं काहीही मागू नये असं रिझर्व्ह बँकेने 2005 सालीच सगळ्या बँकांना कळवलं आहे. रक्कम सहा लाख असो की साठ लाख, नॉमिनी असताना तिचा संबंध येत नाही. रकमेची मर्यादा लागते ती नॉमिनी नसलेल्या खात्यांना. बहुधा शाखेत या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

मुदतही ठरलेली आहे : पूर्ण कागद मिळाल्यापासून 15 दिवस. सप्टेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल नवे निर्देश काढले आणि 31 मार्च 2026 पर्यंत ते लागू करायला बँकांना सांगितलं. त्यात नॉमिनीकडून घ्यायचे कागद तीनच आहेत : दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, आणि नॉमिनीची ओळख व पत्त्याचा पुरावा. बँकेमुळे उशीर झाला तर त्या काळाचं व्याज रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या ‘बँक दरा’च्या वर 4 टक्के या हिशेबाने द्यायचं. आणखी एक, खातेदार गेल्यावर मुदतीआधी एफडी मोडली तरी दंड कापायचा नाही. पैसे हातात येतील तेव्हा हा हिशेब नीट बघा.

आता घरातल्या एफडीच्या दोन्ही पावत्या काढा आणि त्यांवर ‘नामांकन नोंदणीकृत’ अशी ओळ छापलेली आहे का ते पाहा. नॉमिनीचं नाव छापलेलं नसलं तरी चालतं. यजमानांनी नामांकनाचा डीए-1 फॉर्म भरला तेव्हाची बँकेची पोच एखाद्या जुन्या फायलीत असेल तर सोन्यासारखी जपा. दोन्हींच्या झेरॉक्स काढून ठेवा.

मग लेखी तक्रार. तुमच्या प्रकरणात सगळं इथेच अडलं आहे. काउंटरवर उभं राहून केलेली विनवणी लोकपालाच्या दृष्टीने तक्रारच नव्हे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, मग 30 दिवस वाट, आणि त्यानंतरच वरचं दार. थेट वर गेलात तर प्रकरण न वाचताच बंद होतं, आणि खऱ्या तक्रारी असलेली कितीतरी माणसं इथेच निराश होऊन परत फिरतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

पत्र एका पानाचं असू द्या. यजमान किती सज्जन होते, मॅनेजर कसे बोलले, हे त्यात नको. असं लिहा : ‘माझे पती श्री. अमुक यांचं तमुक तारखेला निधन झालं. आपल्या शाखेतल्या या क्रमांकाच्या दोन मुदत ठेवींची मी नोंदणीकृत नॉमिनी आहे. दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि माझं ओळखपत्र मी या तारखेला दिलं. माझ्याकडे वारसा प्रमाणपत्र आणि मुलांच्या सह्या मागितल्या आहेत. नॉमिनीकडून ते मागू नयेत असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ठेवींची रक्कम व्याजासह आणि विलंबाच्या भरपाईसह माझ्या खात्यात जमा करावी. नकार असल्यास तो कारणासह लेखी द्यावा.’ शेवटचं वाक्य गाळू नका. लेखी नकार द्यायची वेळ आली की पुष्कळदा फाइल आपोआप हलते.

बँकेत द्यायचं पत्र हिंदीत लिहिलंत तर शाखेत पटकन वाचलं जाईल. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता बाड्यावरच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्या प्रतीलाच टाचून ठेवा. एक प्रत बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी बँकेने नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला. त्यांचं नाव आणि पत्ता शाखेत दिसेल असा लावणं बँकेवर बंधनकारक आहे. कागद परत जोडा, आधीची पोच नाही ही उणीव त्याने भरून निघेल.

30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर लोकपाल. लोकपालाकडे जायलाही मुदत असते : 2021 च्या योजनेत ती उत्तर आल्यापासून एक वर्ष होती. आताची मुदत किती ते आधी विचारून घ्या आणि उशीर करू नका. मुलाला सांगा, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. मोबाइलवर ओटीपी येईल, तो तुम्ही स्वतःच भरायचा, फोनवर कुणालाही सांगायचा नाही. ते जमणार नसेल तर कागदी अर्ज टपालाने : सेंट्रलाइज्ड रिसीट अँड प्रोसेसिंग सेंटर, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर 17, चंदीगड 160017. हा अर्ज कुठल्याही भाषेत चालतो, म्हणजे तुम्ही मराठीत लिहिलात तरी तो स्वीकारायला हवा. विचारपूस करायची असेल तर 14448 हा निःशुल्क क्रमांक आहे.

लोकपालाच्या कार्यालयासाठी भोपाळला चकरा माराव्या लागतील अशी धास्ती असेल तर ती सोडा. 12 नोव्हेंबर 2021 पासून आधीच्या तीन योजना एकत्र करून सबंध देशाला एकच योजना झाली, त्यामुळे कोणतं कार्यालय कुठल्या शहराचं हा प्रश्नच उरला नाही. तक्रार दाखल झाली की बँकेला 15 दिवसांत लेखी म्हणणं मांडावं लागतं. लोकपाल आधी समेट घडवायचा प्रयत्न करतात, नाही जमला तर निवाडा देतात. निवाडा तुमच्या बाजूने लागला तर तो मान्य असल्याचं पत्र 30 दिवसांत बँकेला द्यायला विसरू नका. ते दिलं नाही तर निवाडा गळून पडतो. नुकसानीपोटी आणि मनस्ताप, वेळ, खर्च यांपोटी वेगळी भरपाई देववता येते; 2021 च्या योजनेत ती अनुक्रमे 20 लाखांपर्यंत आणि एक लाखापर्यंत होती. मनस्तापाची भरपाई मागायला संकोच करू नका. नवऱ्यामागे स्वतःच्याच पैशांसाठी बाईला असं ताटकळत ठेवणं हा मनस्तापच आहे.

याच विषयावर ग्राहक आयोगात किंवा कोर्टात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते हातात घेत नाहीत. म्हणून घाईने दोन्हीकडे अर्ज करू नका.

प्रश्न : थाटीपुरात एटीएममधून 10,000 रुपये निघाले नाहीत, पण खात्यातून कापले गेले. 3 तारखेला कापलेले पैसे 23 तारखेला परत आले. आता आणखी काही मागता येतं का?

उत्तर : येतं. व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे परत जमा व्हायला हवेत, त्यापुढे दिवसाला 100 रुपये. तुमची मुदत 8 तारखेला संपली, म्हणजे 15 दिवसांचे 1,500 रुपये. हे बँकेने न मागता द्यायचे असतात. दिले नसतील तर वर सांगितल्याप्रमाणे लेखी मागा.

प्रश्न : पतसंस्थेतली ठेव परत मिळत नाही. लोकपालाकडे जाऊ का?

उत्तर : नाही, पतसंस्था या योजनेत येत नाहीत. बँकेतल्या ठेवीला असतो तो 5 लाखांपर्यंतचा ठेव विमाही तिथे नसतो. संस्था मध्य प्रदेशात नोंदलेली असेल तर तक्रार सहकारिता विभागाच्या जिल्हा कार्यालयात करा. बहुराज्यीय असेल तर 2023 च्या दुरुस्तीने केंद्रात सहकारी लोकपालाची तरतूद झाली आहे. ठेवीच्या पावतीवरचा नोंदणी क्रमांक वाचा आणि संस्था कुठल्या कायद्याखाली नोंदली आहे ते आधी पक्कं करा. मग मला त्या पावतीची झेरॉक्स पाठवा, पुढच्या अंकात नेमकं लिहीन.