आधी उलटायला शिक

कयाक (वल्हवायची अरुंद, छोटी होडी) घेतलीस, छान केलंस! पण वल्हवण्याआधी उलटायला शिक. कमरेएवढ्या शांत पाण्यात, जाणता माणूस शेजारी उभा करून, मुद्दाम कलंडायचं. स्प्रे स्कर्टची (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून बसायच्या जागेच्या कडेला ताणून बसवायचं आवरण) पुढची ओढपट्टी बाहेर आहे ना, हे दर वेळी हाताने चाचपून बघ. ती आत दबली तर सुटका अवघड होते. उलटल्यावर पुढे वाक, पट्टी पुढे ओढून सोडव, मग हातांनी स्वतःला बाहेर ढकल. पाच-सहा वेळा जमलं की भीती ओसरते. कयाक मात्र सोडू नकोस, ती तरंगते आणि लांबून दिसते.

कपडे पाण्याच्या थंडीप्रमाणे घाल, हवेच्या नव्हे. १५ अंशांखालच्या पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर धाप लागते. तेव्हा कयाक धरून आधी श्वास सावर. लाइफ जॅकेट घट्ट हवंच. वारा किनाऱ्याकडून आत पाण्याकडे वाहत असेल, तर त्या दिवशी उतरू नकोस.