वाचकांचे प्रश्न : पुरस्कार, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील दिवस

शारीरिक शिक्षण आणि क्रीडाविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींच्या अडचणींविषयी लिहावे, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी पत्रे पाठवली. त्यांतील चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे नावे दिलेली नाहीत. माझी सारी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात शारीरिक शिक्षण शिकवण्यात गेली. त्यामुळे पत्रांतील बहुतेक अडचणी मी जवळून पाहिलेल्या आहेत.

दापोली तालुक्यातील एक आई लिहितात : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून कबड्डीत जिल्हा संघातून खेळली आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात एका विद्यापीठाच्या किनेसिऑलॉजी विभागात तिला प्रवेश मिळतो आहे. नातेवाईक विचारतात, इतका पैसा ओतून शेवटी पी.टी.ची बाईच होणार ना? विद्यापीठाच्या पत्रात स्कॉलरशिप, अवॉर्ड आणि बर्सरी असे तीन शब्द आले आहेत. त्यांत फरक काय, आणि त्यांच्या भरवशावर तिला पाठवावे का?

ताई, आधी नातेवाइकांच्या प्रश्नाचे पाहू. पी.टी.ची बाई होण्यात कमीपणा मुळीच नाही, हे मी त्याच पेशातला माणूस म्हणून सांगतो. पण किनेसिऑलॉजी हा शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम नव्हे. माणसाचे शरीर हालते कसे, स्नायू आणि सांधे भार कसा पेलतात, व्यायामाने हृदय व फुप्फुसे कशी बदलतात, नवे कौशल्य मेंदू कसे आत्मसात करतो, या सगळ्याचा त्यात अभ्यास होतो. कॅनडात हा विषय चांगला रुजलेला आहे. वॉटर्लू विद्यापीठात किनेसिऑलॉजीचा स्वतंत्र विभाग १९६७ साली सुरू झाला, आणि ऑन्टारिओमध्ये तर १ एप्रिल २०१३ पासून हा कायद्याने नोंदणीकृत आरोग्यव्यवसाय आहे. तेथे ही पदवी घेतलेली माणसे पुनर्वसन केंद्रांत, कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यविभागांत आणि खेळाडूंच्या संघांबरोबर काम करतात.

मात्र एक गोष्ट तिकीट काढण्यापूर्वीच स्पष्ट व्हायला हवी. किनेसिऑलॉजीची पदवी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी नव्हे. कॅनडात फिजिओथेरपी पदव्युत्तर स्तरावर शिकवली जाते, आणि किनेसिऑलॉजी हा तिकडे जाण्याचा एक नेहमीचा मार्ग आहे. मुलीच्या मनात परत येऊन दापोलीत किंवा खेडला फिजिओथेरपीचा दवाखाना काढायचा असेल, तर नुसत्या या पदवीवर ते जमणार नाही. तिच्या मनात नक्की काय आहे, हे तिला शांतपणे विचारावे. अठरा वर्षांच्या मुलीला याचे उत्तर लगेच देता येईलच असे नाही, पण प्रश्न तिच्यापुढे असलेला बरा.

आता ते तीन शब्द. स्कॉलरशिप बहुधा गुणांवर मिळते. प्रवेशाच्या वेळची स्कॉलरशिप पुष्कळदा वेगळा अर्ज न करताही मिळते, पण ती पुढे चालू ठेवायची तर दरवर्षी ठरावीक सरासरी टिकवावी लागते. अवॉर्डसाठी बहुधा अर्ज करावा लागतो, आणि तेथे गुणांबरोबर नेतृत्व, समाजसेवा, खेळ, संशोधनातील रस हेही पाहतात. काही पुरस्कारांना स्वतः अर्ज करता येत नाही, नाव विभागाने सुचवावे लागते. अमेरिकन किनेसिऑलॉजी असोसिएशनचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा पुरस्कार असाच आहे. अशा ठिकाणी प्राध्यापकांना विद्यार्थी ओळखीचा असावा लागतो, आणि मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्याचे नाव सहसा पुढे जात नाही. बर्सरी ही गरज पाहून दिलेली मदत असते आणि ती परत करायची नसते. परंतु बऱ्याच बर्सरी कॅनडाच्या नागरिकांसाठी व तेथील कायम रहिवाशांसाठी राखीव असतात. ऑन्टारिओ सरकारची विद्यार्थी साहाय्य योजनाही परदेशी विद्यार्थ्यांना लागू नाही. त्यातच परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क स्थानिकांच्या कितीतरी पट असते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात, लेखी मंजुरी हातात आलेली रक्कम सोडून, कोणताही पुरस्कार धरू नका. सत्र चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाबाहेर आठवड्याला २४ तासांपर्यंत काम करता येते, ही मर्यादा नोव्हेंबर २०२४ पासूनची आहे. त्या कमाईतून किराणा आणि बसभाडे सुटेल, शुल्क सुटणार नाही. चारही वर्षांचे शुल्क घरच्या ऐपतीत किंवा झेपेल अशा कर्जात बसत असेल तरच पाठवावे. बागायत गहाण टाकून आणि पुढे बर्सरी मिळेल या आशेवर पाठवू नये.

ती गेलीच, तर पहिल्या महिन्यात तिने काय करावे हेही सांगतो, कारण आपली मुले येथेच मागे पडतात. तेथील विभागात अभ्यासक्रमाचा सल्लागार असतो, वरच्या वर्गातील विद्यार्थी नव्यांचे मार्गदर्शक म्हणून नेमलेले असतात, निबंध व अहवाल लिहिण्यास मदत करणारे लेखन केंद्र असते, समुपदेशक असतात, विद्यार्थ्यांची स्वतःची संघटना असते. या सगळ्यांचा खर्च शुल्कातून आधीच घेतलेला असतो. तरीही कोकणातून गेलेली मुले त्या दारांपुढून मान खाली घालून जातात, कारण ‘कुणाला त्रास कशाला द्यायचा’ ही घरची शिकवण. दार ठोठावणे हाही तेथील अभ्यासाचाच भाग आहे, असे आईने तिला सांगून पाठवले तर तिला ते जड जाणार नाही. आणि कबड्डीची प्रमाणपत्रे इंग्रजी भाषांतरासह बरोबर द्यावीत. ज्या वर्गात कोणी कबड्डी पाहिलेली नाही, तेथे श्वास रोखून तीस सेकंदांची चढाई करणारी मुलगी लक्षात राहते.

राजापूर तालुक्यातील एक शेतकरी लिहितात : मुलगी पुण्याला फिजिओथेरपी शिकते. आंब्याची थोडी कलमे आणि कातळावरची जमीन एवढेच उत्पन्न. खोलीचे भाडे आणि खानावळ मिळून जीव मेटाकुटीला येतो. सरकारी मदत कोणती?

तीन योजना पाहाव्यात, आणि तिन्हींची चौकशी महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून व महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागातून करावी. पहिली, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत फेरीतून प्रवेश झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती मिळत नाही. दुसरी, २०२४-२५ पासूनची मुलींसाठीची शुल्कमाफी. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना तीच आठ लाखांची मर्यादा ठेवून ती दिली जाते. आपला प्रवर्ग पत्रात नसल्यामुळे यांतील कोणती लागू पडेल, ते आपणच पाहावे. तिसरी योजना मला आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची वाटते : डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तीत अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि आपली अडचण शुल्कापेक्षा राहण्याजेवणाचीच अधिक दिसते. अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसील कार्यालयातून काढून ठेवावा.

हे पैसे अडतात ते बहुतेक दोन ठिकाणी. मुलीचे बँक खाते आधारशी जोडलेले नसते, किंवा दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करायचे राहून जाते. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून वेळेत काढावा. गणपतीच्या दिवसांत गावाला आल्यावर करू, असे म्हणणाऱ्या कितीतरी मुलांची मुदत टळलेली मी पाहिली आहे, आणि तेव्हा फार हळहळ वाटते.

रत्नागिरीहून बी.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदवीचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी लिहितो : आमच्या महाविद्यालयात वार्षिक समारंभात उत्कृष्ट विद्यार्थ्याचा पुरस्कार दिला जातो. त्यासाठी स्वतःच अर्ज करायचा आहे. स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कशी करावी? शिवाय मी विद्यापीठ संघातही नाही. अर्ज करावा का?

करावा, आणि याच आठवड्यात करावा. तुझ्या पत्रातील संकोच मला परका नाही. आपल्या वाडीत स्वतःबद्दल बोलणाऱ्या माणसाला ‘मोठेपणा मिरवतो’ म्हणतात. पण अर्ज म्हणजे स्तुती नव्हे. केलेल्या कामाचा तो हिशेब असतो, आणि हिशेब देताना कोणी लाजत नाही.

‘मी मेहनती, शिस्तप्रिय आणि होतकरू विद्यार्थी आहे’ असे वाक्य निवड समितीपुढे प्रत्येक अर्जात येते. अशा समित्यांवर मी बसलो आहे. त्या वाक्यावर नजर थांबत नाही. नजर कोठे थांबते ते सांगतो. समज, एखाद्याने लिहिले की पावसाळ्यात मैदानावर गुडघाभर पाणी असताना त्याने शाळेच्या ओसरीवर आठवड्यातून तीन दिवस पस्तीस मुलांचा व्यायाम घेतला, जागा अपुरी पडल्यामुळे गट पाडले, आणि जुलैच्या व सप्टेंबरच्या लवचिकतेच्या चाचण्यांचे आकडे सोबत जोडले. या माणसाने काम केले, ते मोजले आणि ते टिकवले, एवढे त्यातून न बोलता कळते. तुझ्या सराव पाठांच्या काळात असे काहीतरी घडलेच असेल. ते शोध.

विद्यापीठ संघात नसण्याची खंतही सोड. संघात असलेल्यांसाठी वेगळे रस्ते आहेतच : आंतरविद्यापीठ स्पर्धा, राज्यातील विद्यापीठांचा अश्वमेध महोत्सव, २०२० साली भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. उत्कृष्ट विद्यार्थी निवडताना मात्र सेवा आणि अभ्यास यांनाही वजन असते. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरले असतील, तर केवळ तास लिहू नकोस. त्या तासांत काय केलेस ते लिही.

संशोधनाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण येथे कोकणातील विद्यार्थ्याच्या हाताशी जे आहे ते मुंबईच्या विद्यार्थ्याकडे नाही. राज्यातील विद्यापीठांमध्ये आविष्कार ही संशोधन स्पर्धा होते, आणि विषय नसल्याची तक्रार मुले दरवर्षी करतात. विषय बागेत आहे. आंबा उतरवणारा गडी झेला, म्हणजे फळ झेलणारी जाळी, लावलेली लांब काठी मान मागे टाकून तासन्‌तास वर धरून असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला फळाला इजा होऊ नये आणि देठासह फळ काढता यावे यासाठी प्रसिद्ध आहे. पण झेला धरणाऱ्याच्या मानेचे आणि खांद्याचे काय? काठीची लांबी, हातांतील अंतर, मानेचा कोन, तासाभरानंतर पकडीची ताकद किती उतरते, हे सगळे एक मोबाईल, एक कोनमापक आणि पकड मोजण्याचे साधन एवढ्यावर मोजता येते. बंदरावर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चढण चढणाऱ्या बायका, किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचे लांबलचक जाळे, ओढणारी माणसे, यांच्या पाठीचा आणि गुडघ्यांचा अभ्यास म्हणजे किनेसिऑलॉजीच होय. परदेशातील विभागांत यासाठी महागड्या प्रयोगशाळा आहेत, परंतु रापण त्यांच्याकडे नाही. मोजमाप करण्यापूर्वी त्या माणसांची संमती घ्यावी, आणि निष्कर्ष त्यांना त्यांच्या भाषेत जाऊन सांगावेत.

शिफारसपत्रासाठी शिक्षकांना निदान पंधरा दिवस आधी सांगावे, आणि आपल्या कामाचा एक पानी गोषवारा त्यांच्या हाती द्यावा. आम्हा शिक्षकांची इच्छा चांगली असते, पण साठ मुलांचा तपशील डोक्यात राहत नाही.

चौथे पत्र वसतिगृहातून आले आहे, आणि गावही लिहू नये अशी विनंती आहे : कबड्डी खेळताना गुडघ्यातील लिगामेंट तुटले. शस्त्रक्रिया झाली. आता वर्गमित्र पहाटे मैदानावर जातात आणि मी खोलीत पडून असतो. प्रात्यक्षिके बुडाली. मैदानात उतरता येत नाही, तर मी या विभागात कोण, असे वाटते. घरी परत जावे असे मनात येते.

मित्रा, तुझे पत्र मी दोनदा वाचले. घरी परत जाऊ नकोस, निदान आज तो निर्णय घेऊ नकोस.

आधी कागदाचे काम. शल्यचिकित्सकाचे प्रमाणपत्र आणि किती महिने मैदान बंद आहे याचा लेखी सल्ला प्राचार्यांना अर्जासोबत दे, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घे. बुडालेली प्रात्यक्षिके पुढील सत्रात घेता येतील का, हे त्यात विचार. तोंडी सांगितलेले विसरले जाते. वसतिगृहात खोली वरच्या मजल्यावर असेल तर तळमजल्यावर बदलून मागून घे. यात कोणावर उपकार मागण्यासारखे काही नाही.

अशा शस्त्रक्रियेनंतर स्पर्धेत परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते, आणि घाई करणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका मोठा असतो. तेव्हा तू मागे पडलेला नाहीस, तुझ्या गुडघ्याला लागणारा वेळ तो घेतो आहे. या काळात मैदानाच्या कडेला बसून गुणलेखन कर, राज्य कबड्डी संघटनेच्या पंच परीक्षेची तयारी कर, मित्रांच्या चढाया मोबाईलवर टिपून त्यांच्या पायांच्या हालचालींची नोंद कर. माझा एक विद्यार्थी अशाच दुखापतीनंतर पंच झाला. तो खेळाडू होता त्यापेक्षा पंच म्हणून त्याला खेळ अधिक दिसू लागला, असे तो मला म्हणाला होता.

रात्री झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन कर. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तुझ्या मार्गदर्शक शिक्षकांनाही हे सांग. गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जायला तुला संकोच वाटला नाही, मग यासाठीही वाटू नये.

आणि एक काम माझ्यासाठी कर. गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटिमीटर वर दोन्ही मांड्यांचा घेर दर रविवारी त्याच वेळी शिंप्याच्या टेपने मोज आणि वहीत मांड. शस्त्रक्रियेच्या पायाची मांडी आत्ता बारीक झालेली दिसेल, ती व्यायामाने कशी भरत येते ते तुला स्वतःच्या शरीरावर पाहायला मिळेल. चार आठवड्यांची नोंद झाली की मला पाठव. तू कोणकोणते व्यायाम करतो आहेस तेही सोबत लिही, म्हणजे पुढील अंकात त्याविषयी सविस्तर लिहिता येईल.